कोरडी कुंडी

बावीस दिवसांनी दार उघडलं.
कुलूप तेल मागत होतं.
गॅलरीत नऊ कुंड्या, आठ वाळून गेलेल्या,
नववीत जास्वंद, कशी तगली कोण जाणे,
तिच्या बुंध्याशी रव्यासारखी चाळलेली माती
आणि मातीतून काळ्या मुंग्यांची ये-जा,
पगाराच्या दिवशी प्रेसच्या गेटवर असायची तशी.

एकतीस वर्षं मी कोऱ्या नोटा तपासल्या,
नाशिकरोडला, उजेडाखालच्या टेबलाशी.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कागदाला चुणी.
बोट पुढे जायचं, डोळा अडायचा.
त्याच डोळ्याने पान उलटं करून पाहिलं:
देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस,
पिठ्या ढेकूण.
मुंग्या त्यांच्या पाठीवरून मिशा फिरवत
गोड थेंब काढत होत्या,
धार काढावी तशा, घाई न करता.

शेजारचे गायधनी कठड्यावरून म्हणाले,
"मोहाडीला आमच्या बागेत हाच ताप.
आधी मुंगी तोडा, ढेकूण मग आपोआप.
कुंडी सरळ बादलीत बुडवा."
बाग विकून त्यांना अकरा वर्षं झाली.
द्राक्षांचा विषय निघाला की हात अजून
डोक्यावरच्या तारेकडे जातो,
तार नसते, मग ते कान खाजवतात.

बुडवायचं जिवावर आलं.
खालच्या मजल्यावरच्या रुबीनाने हळद सांगितली.
हळदीची रेघ ओढली.
रात्रभर मुंग्या थांबल्या,
सकाळी कडेने निघाल्या.
दालचिनीचा वास मलाच आवडला, चहात गेली.
दिंडोरी रोडच्या दुकानदाराने पांढरी पुडी दिली,
"मावशी, हातमोजे घाला. घरात मांजर आहे का?"
मांजर नाही. पुडी तरी माळ्यावर ठेवली,
मिठापासून लांब.

शेवटी निळी बादली, काठोकाठ पाणी,
आणि कुंडी हळूच आत.
आधी बुडबुडे. मग त्या.
तोंडात अंडी घेऊन, कणीएवढी, पांढरी.
रिकाम्या तोंडाने वर आलेली
मला तरी एकही दिसली नाही.
बुंध्यावरून फांदीवर, फांदीवरून पानावर,
पानावरून एकुलत्या एका कळीवर.
तिथे जागा संपली.

माझी खोड जात नाही, मोजायला लागले.
दोनशे चौदापर्यंत आकडा नीट होता,
मग मध्येच बेड नंबर सतरा आला,
सलाइनचे थेंबही मी असेच मोजायचे,
यशवंता झोपलाय की नुसता पडलाय
हे कळेना म्हणून.
आकडा चुकला.
प्रेसमध्ये मेमो हातात पडला असता.

आतून त्याचाच आवाज, अजून अर्धाच भरलेला:
"अक्का, पाणी घालायला कुणाला सांगून नाही का जायचं?"

कोरड्या मातीतच म्हणे त्या घर करतात.
म्हणजे रोज थोडी थोडी चाचपणी केली असणार,
आज ओल नाही, उद्याही नाही,
या घरात कुणी येत नाही अशी खात्री पटली
आणि मग पोरंबाळं आणली.
कळीवर बसून आता माझ्याकडे बघत होत्या
की मीच तसं धरून चाललेय, सांगता येत नाही.

खराटा घेतला. त्याची दांडी
फांदीवरून कठड्यावर आडवी टाकली.
दया वगैरे नव्हे,
मला कुंडी हवी होती, त्या नको होत्या.
पहिलीने दांडी हुंगली, मागे फिरली,
दुसरीला काहीतरी सांगितलं.
दिवेलागणीपर्यंत कळी मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गायधनी, बनियनवर,
हातात भिंग.
कठड्यापलीकडे त्यांचा ड्रम,
ड्रममध्ये बागेतून आणलेला एकच वेल,
पाच घडांचा.
ड्रम कुठल्या बादलीत मावणार?
"बाई, तुमची ती हळद उरलीय का?"

हळद दिली. उरलेली दालचिनीही दिली.
खराट्याबद्दल बोलले नाही.