आक्षेप क्रमांक सतराचे अनुपालन

महोदय,
आपला आक्षेप मिळाला. शब्द असे:
‘सर्वात कमी दर बासष्ट रुपये असताना
पंच्याण्णव रुपयांचा खराटा का घेतला?
नग दोनशे. फरक सहा हजार सहाशे.
संबंधिताकडून वसूल का करू नये?’

संबंधित म्हणजे मी.
भांडार लिपिक, नगरपंचायत.
खिडकीतून बंदर दिसतं,
माझं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे.

आदल्या वर्षी मी बासष्टचाच घेतला होता.
नियमाने. तीन लिफाफे, तीन सह्या.
भिवंडीहून ट्रक आला,
निळे प्लास्टिकचे खराटे, दांड्यावर वाघाचं चित्र.
एकोणिसाव्या दिवशी सत्यवती खवळे
नुसता दांडा टेबलावर ठेवून म्हणाली,
‘वाळू झाडूक गेलंय, तर खराटोच झडलो.’
मी नोंद केली: नग एक, निर्लेखित.

झडलेलं कुठे गेलं,
असा रकाना साठा नोंदवहीत नाही.

ते कळलं एका ओहोटीला.
पुळणीवर कुर्ल्या बीळ उकरतात,
मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या दाराशी मांडतात,
त्या गोळ्यांत एक निळा केस.
पुढच्या बिळापाशी आणखी एक.
मी वाकून वाकून वेचत गेलो,
होडी ओढणारी माणसं हसत होती.
त्र्याऐंशी झाले, मग भरती लागली.
खरेदीच्या आदेशाचा मसुदा
माझ्या अक्षरात होता, महोदय.

तर, तुलनात्मक तक्ता.
दर, कर, वाहतूक, एकूण.
एकूणच्या पुढे मी पेन्सिलीने
आणखी एक रकाना आखला.
त्याला नाव सुचेना.
‘टिकतो किती’ असं लिहिलं.
त्याखाली, बारीक अक्षरात, ‘मेल्यावर कुठे जातो’.
मुख्याधिकारी मॅडमनी चष्मा वर सरकवला,
बराच वेळ पाहिलं.
म्हणाल्या, पेन्सिल चालणार नाही. शाईने करा.

हिराचे खराटे खालच्या वाडीत होतात.
खतिजा मुल्ला आणि सात जणी
झावळं सोलतात, हीर तासतात,
काथ्याने असा आवळतात की हात कापावा.
त्यांचं बिल गणिताच्या वहीच्या पानावर आलं,
एका बाजूला कुणाचा तरी चुकलेला लसावि,
दुसऱ्या बाजूला रुपये एकोणीस हजार फक्त.
जीएसटी नंबर नाही.
तो आपला आक्षेप अठरा. त्याचं उत्तर वेगळं देईन.

खोटं कशाला सांगू,
श्रावणात बावीस खराट्यांना बुरशी धरली.
सत्यवती तेव्हाही बोलली, जास्तच बोलली.
आता ते बंबाच्या शेडमध्ये
आढ्याला उलटे टांगतो, वटवाघळांसारखे.
एकेक सत्तर दिवस जातो,
आखूड झाला की गटारावर,
अगदी बुडखा उरला की कुणाच्या तरी न्हाणीच्या चुलीत.
त्याची राख अळूला.
बासष्ट भागिले एकोणीस,
पंच्याण्णव भागिले सत्तर,
हे गणित आपणच करावं.
माझ्या कॅल्क्युलेटरचं सातचं बटण बसलं आहे.

एवढ्यावरही नियमात बसत नसेल
तर पगारातून कापावं.
महिना तीनशे, हप्ते बावीस.
घरी अजून सांगितलेलं नाही.
जमेच्या बाजूला मात्र हे धरावं:

सोबत, लोणच्याची बरणी एक.
धुतली आहे, तरी वास येईल.
आत निळे केस, त्र्याऐंशी.
मोजून घ्यावेत
आणि पोच द्यावी.

आपला,
नंदन आरोंदेकर

ता.क. कागद पाठकोरा वापरला आहे.
पलीकडे बासष्टचाच आदेश आहे.
वाचलात तरी हरकत नाही.