बावीस मिलिसेकंद

जळगावच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या पत्र्याखाली
तूरडाळ घसरगुंडीवरून सुटते.
काळा दाणा कॅमेऱ्याला दिसतो,
तिथून फुंकरीच्या नळीपर्यंत चार बोटं अंतर.
तेवढं पडायला दाण्याला लागतात बावीस मिलिसेकंद,
आणि तेवढा वेळ माझ्या प्रोग्रॅमने
काहीही करायचं नाही.

हेच अवघड.
आधी मी लिहिलं एक रिकामं लूप :
शून्यापासून मोज, पोचलास की सांग.
कंपायलरने वाचलं, यातून निष्पन्न काहीच नाही,
म्हणून गुपचूप पुसून टाकलं.
दाणा दिसताक्षणी फुंकर सुटली,
हवेला लागली.
मग मोजणाऱ्या आकड्यापुढे व्होलाटाइल लिहून बजावलं,
याला कोणी हात लावायचा नाही.

जानेवारीत सगळं सुरळीत.
मे महिन्यात पत्रा तापला, बाहेर सेहेचाळीस,
चिपच्या पोटातलं फुकटचं घड्याळ
शंभराला चार या हिशेबाने पुढे पळू लागलं.
स्कोपवर रेघ सरळच दिसायची.
स्कोप मी ऑफिसात लावला होता, एसीत.

चूक पकडली कौतिकबाईंनी.
त्या बसतात नाकारलेल्या डाळीच्या ढिगाशी,
फुंकरीने उगाच उडवलेले चांगले दाणे वेचून
ताटात टाकतात.
दुपारीच ताट भरलं तेव्हा म्हणाल्या,
"भाऊ, तुनं मशीन आज उतावयं शे."
किती उतावीळ?
त्यांनी दाणा करंगळीच्या नखावर ठेवला,
अंगठ्याने अर्धा झाकला.
मी कागदावर गुणाकार केला.
अर्धा दाणाच निघाला.

रात्री बोर्डावर क्वार्ट्झचा स्फटिक डकवला :
सेकंदाला ऐंशी लाख ठोके, उन्हाळा असो की थंडी.
लूप काढून टाकलं, टायमरला वेळ नेमून दिली.
नाहीतरी मोजता मोजता कुणी हाक मारली
की मोजणारा लांबतोच.

सकाळी भारंबेशेठ खूश.
ढिगात नुसती काळी डाळ,
ताटात अकरा दाणे. मी मोजले.
कौतिकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"इतलं बरोबर नको करू रे भाऊ.
थोडं चुकू दे."
हसतच म्हणाल्या. मीही हसलो.
त्यांनी ताट पालथं घातलं, हात झटकले,
आणि कुठे बसावं ते न कळून उभ्याच राहिल्या.
भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा.
त्यांची सुट्टी सहाला होते.