घोटा

सकाळचे सात. कुओपिओचा तरणतलाव.
काचेबाहेर उणे बावीस,
आत पाण्यावर दिव्यांचे पिवळे चट्टे.
मी निळी फळी दोन्ही हातांनी पुढे धरते.
तिचा एक कोपरा कुणा पोराने चावलाय,
दातांची ओळ अजून मोजता येते.

ओन्नी म्हणतो, फक्त पाय. हात विसरा.
ओन्नी एकोणीस वर्षांचा आहे,
त्याला विसरणं सोपं वाटतं.

मी पाय मारते.
फेस उसळतो, शेजारच्या पट्ट्यातले गृहस्थ
थांबून चष्मा पुसतात,
आणि तळाच्या काळ्या रेघेवरून
मी मागे जाते.
थट्टा नाही. मागे.
एक फरशी, दोन फरश्या,
मग भिंतच येऊन लागते तळव्यांना,
जिथून निघाले होते, तीच.

काठावर उकिडवा बसून ओन्नी सांगतो:
तुमचे घोटे काटकोनात अडकलेत, तेल्लेर्वो.
फावड्यासारखं पाणी उपसताय,
तेही उलट्या बाजूला.

बरोबर आहे त्याचं.
छत्तीस वर्षं टपाल वाटलं मी,
उन्हाळ्यात सायकलवर,
हिवाळ्यात पोत्कुरीवर:
एक पाय स्लेजच्या पट्टीवर,
दुसरा बर्फाला मागे लोटत.
जहाजाच्या पंख्यालाही आमच्यात हाच शब्द आहे,
पण तो फिरतो पाण्यात,
आणि माझे पाय, कुणालाही विचारा,
कायम जमिनीवर.
पगारच त्याचा होता.

घोटा घट्ट धरायचा, हे बर्फाने शिकवलं.
एकदाच सैल सोडला,
एकोणनव्वदच्या मार्चमध्ये,
राउतियाइनेनबाईंच्या तिसऱ्या पायरीवर.
प्लास्टर, नऊ आठवडे.
हातात त्यांचं विजेचं बिल होतं.
प्रेमपत्र असतं तर गोष्ट वेगळी.

आता हा पोरगा म्हणतो, सोडा.
लाथ मारू नका, पाण्याने तुमचं काय घोडं मारलंय?
मांडीपासून हलवा,
गुडघ्याला मागोमाग येऊ द्या,
आणि पाऊल म्हणजे भिजलेला मोजा,
टोकाला लोंबणारा,
स्वतःचं काही मत नसलेला.

स्वतःचं मत नसलेलं काहीही
माझ्या अंगावर कुठे सापडेना.

रात्री सौनात वरच्या बाकावर
टॉवेलची घडी घालून टाचांवर बसते.
दोन मिनिटं. घाम डोळ्यांत.
उजवा घोटा कुरकुरतो
गंजलेल्या टपालपेटीच्या झाकणासारखा,
आतलं काही द्यायला तयार नसलेल्या.

तेव्हा वोइत्तो आठवतो, बेटावरचा.
त्याची पेटी या काठाला होती, घर पलीकडे.
जुलैत होडी काढायचा कंटाळा,
तो पोहतच यायचा,
पत्रं टोपीत घालून टोपी डोक्यावर,
आणि परत जायचा, पाणी न खळबळवता,
जणू कुणी त्याला दोरीने हळू ओढत होतं.
मी धक्क्यावर उभी, बूट घालून,
पुढच्या घराला उशीर करत.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी,
ओन्नी दुसऱ्या टोकाला
दोन शाळकरी मुलांना रागावत होता.
मी कंटाळले होते, खरं सांगायचं तर.
दुपारी बटाटे आणायचेत, हा विचार चालला होता,
पाय मागे आपापले हलत होते.
आणि खालची रेघ सरकायला लागली.
आधी वाटलं, डोळ्यांत पाणी गेलं.
एक फरशी. दुसरी.
भिंत माझ्यापासून लांब चालली होती.

पाचव्या फरशीला हसू आलं
आणि नाकातोंडात क्लोरीन.
खोकत उभी राहिले. कुणी पाहिलं नव्हतं,
शेजारचे गृहस्थ सोडून.
त्यांनी चष्मा वर केला, काही बोलले नाहीत,
आमच्याकडे एवढं पुष्कळ.

ओन्नीला सांगितलं नाही.
फळी फिरवली,
चावलेला कोपरा पुढे घेतला,
आणि पुन्हा बटाट्यांचा विचार करायला लागले,
मुद्दाम.
आता तो जमेना.