रागाची तालीम

दुपारपासून बापा रागावण्याची तालीम करत होते,
कोंबड्यांच्या वेती टोपल्यांपुढे उभे राहून.
"कुणाला विचारून नेलीत माझी पोर?"
एकदा ओरडून, एकदा दात चावून.
झुंजीचा लाल कोंबडा मान वाकडी करून ऐकत होता.
त्याला पटलं नसावं.

मेमे मागावर.
जरीचं एकच फूल तिनं तीनदा विणलं, तीनदा उसवलं
आणि कुणी काही विचारू नये म्हणून
फणी नेहमीपेक्षा जोरात आपटत राहिली.

लुह रस्मिनी, माझी ताई,
सांजेला पाणवठ्यावर गेली ती परतली नाही.
रोजच्या लुंगीखाली सणाची लुंगी नेसून गेली,
हे मी पाहिलं. मेमेनंही पाहिलं.
आणि परवा बापांनी
बाहेरच्या दाराच्या बिजागरीला खोबरेल घातलं.
आमच्या घरातलं कुठलंच दार
त्याआधी कधी तेल प्यायलं नव्हतं.

लोक म्हणणार, पळाली.
बापांना ऐकायचं होतं, पळवली.
एका अक्षराचा फरक,
त्याच अक्षराला घराची अब्रू टांगलेली.

रात्री कुत्री भुंकली.
भाताच्या बांधावरून तीन दिवे येताना दिसले.
वस्तीचा मुखिया आणि वीर्तनाच्या घरचे दोघं
पायरीखाली बसले, दिवा पुढे ठेवला,
आणि अगदी अदबीच्या बोलीत म्हणाले,
"आपली लेक आमच्याकडे आहे.
स्वतःच्या मनानं आली. सुखरूप आहे."

बापा उठले.
"कुणाला विचारून..."
भिंतीपलीकडे काकूच्या ओसरीवर दिवा लागला,
म्हणजे आवाज पोचला.
"...नेलीत..."
आणि इथं, तालमीत नसलेलं काहीतरी
त्यांच्या गळ्यात शिरलं.
"माझी पोर" हे शब्द आलेच नाहीत.

तिघांनी माना खाली घातल्या.
मुखियाला स्वतःच्या चार मुली.

दिवे निघाले तेव्हा बापा
अनवाणी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले
आणि कुजबुजले,
"तिला वांगं देऊ नका. अंगावर पित्त उठतं."

बाराव्या दिवशी ती आली,
केसांत चाफा, मागे सासरची रांग,
डोक्यांवर नारळपानांत शिजवलेल्या भाताच्या पुड्या,
काही चौकोनी, काही लांबट.
देवघराच्या अंगणात पितरांपुढे बसली.
पुजाऱ्यानं घंटा वाजवली,
तिच्या वतीनं निरोप सांगितला:
आजपासून ही तिकडच्या पितरांची.
फुलं तीनदा कपाळापर्यंत गेली, तीनदा खाली आली.

पुजारी थांबल्यावर बापा पुटपुटले.
मंत्र नव्हता तो, मी जवळच होते.
"विसरायचंच असेल हिला,
तर हळूहळू विसरा."

दार आता पुन्हा करकरतं.
तेलाची वाटी मी दोनदा पुढे केली.
बापा म्हणतात, राहू दे.
कुणी आलं तर कळतं.