एका मोज्यातला गहू

शाईने लिहू नकोस, पहाटेच्या दवात तारीख वाहून जाते,
असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि कानामागची पेन्सिल काढून दिली.
त्सिआला सिलागाद्झे. वय तेव्हा एक्कावन्न.
तिबिलिसीबाहेरच्या शेतात ती लोंबीसमोर उकिडवी बसायची
घड्याळजीसारखी, श्वास रोखून.
कुसळं कातरायची, तुसं उघडायची,
एकेका फुलातले तीन पुंकेसर चिमट्याने काढायचे
हिरवे असतानाच. पिवळे झाले की उशीर झाला.
वर कागदी टोपडं, दोरा, तारीख.
दोरे मी बांधायचो. माझं काम तेवढंच.

त्या उन्हाळ्यात आम्ही लेचखुमीत वर चढून गेलो.
कारामानकडे वाफाभर झांदुरी उरली होती,
त्या खोऱ्यात आणखी कुणाकडे नाही.
त्याने विळा घेतला नाही. दोन काठ्या घेतल्या,
एका टोकाला दोरीने बांधलेल्या,
त्यांच्या चिमटीत लोंब्या धरून ओरबाडल्या.
"विळा लागला की झडते. रागीट आहे."
पिशवी सापडेना. मग बाकावर बसून त्याने
पायातला मोजा काढला,
लोकरीचा, तपकिरी, टाचेला रफू,
आणि त्यात बी भरून गाठ मारली.
पैशांचं नाव काढताच हात झटकला.
"हिची पुरी करून आणा."
पुरी म्हणजे आमच्याकडे पाव,
भट्टीच्या भिंतीला थापलेला, होडीसारखा निमुळता.

झांदुरीची गुणसूत्रं अठ्ठावीस. पावाच्या गव्हाची बेचाळीस.
निम्मी इकडची, निम्मी तिकडची: पस्तीस.
मी सूक्ष्मदर्शकातून पाहिली.
काही एकमेकांजवळ सरकलेली,
बाकीची लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यांसारखी
भिंतीला टेकून.

दोनशे चौदा फुलं. धरले दाणे अकरा.
पिकेपर्यंत थांबलं तर आतल्या आत मरतात,
म्हणून पंधराव्या दिवशी तिने दाणे फोडले,
गर्भ सुईच्या टोकावर उचलून काचनळीत ठेवले.
अकरातला एक उगवला.
"एक पुरे," ती म्हणाली.
त्या दिवशी आम्ही जेवायचं विसरलो.

हिवाळ्यात वीज गेली, आठवडे गेली.
रोप तिने घरी नेलं, केरोसीनच्या शेगडीपाशी ठेवलं,
नवऱ्याला बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं.
त्या रोपाला स्वतःचे पराग नव्हते.
पावाच्या गव्हाचे उसने दिले. मग तिच्या लेकीला. नातीला.
सहा वेळा.
दरवर्षी तांबेरा आम्हीच शिंपडायचो, मुद्दाम,
आणि गंजलेली रोपं उपटून जाळायचो.
ज्या पानावर नुसता ठिपका उमटून विझला
ते झाड तेवढं पुढच्या वर्षात.

दहाव्या वर्षी पाच पुऱ्या फडक्यात गुंडाळून
वर गेलो. मोजाही घेतला, धुतलेला.
कारामानने तुकडा मोडला. बराच वेळ चावला.
डोळे बिळे मिटले नाहीत.
"चांगली आहे," म्हणाला. "पण ही ती नाही."

मला राग आला. त्सिआलाला हसू.
पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून तिने मेजावर हिशेब मांडला:
अर्धं, अर्ध्याचं अर्धं, असं सात वेळा.
उरतो एकशे अठ्ठाविसावा भाग.
आकडा वाळेपर्यंत तो बघत राहिला.
"मग आमचं त्यात राहिलं काय?"
"तांबेऱ्याशी भांडणारं तेवढं."

"बी बायकोच्या माहेरचं," तो म्हणाला.
"भांडण राहणारच."
मग आतल्या खोलीकडे मान वळवून
तेच पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने.
आत पातेलं आपटलं.

मोजा त्याने उलटसुलट करून पाहिला.
दुसरा केव्हाच फेकला होता. तरी हा चढवला
आणि एका पायात मोजा, एक पाय उघडा,
असा फाटकापर्यंत सोडायला आला.

गाडी उताराला लागली तशी त्सिआलाने
मांडीवर वही उघडली, माझ्या कानामागची पेन्सिल ओढली.
चव, तिने लिहिलं. नापसंत.
खाली तारीख.