सातवा भाग

सोमवारी सकाळी सहाला
फ्लीटवुडच्या गोदीवर, मासे कापायच्या शेडमध्ये
हातमोज्यांच्या आत हात गोठलेले
आणि तोंडं मात्र गरम:
काल रात्रीचा भाग पाहिलास?

पाहिला होता सगळ्यांनीच.
ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांनी
ज्यांच्याकडे होता त्यांच्या खुर्च्यांच्या हातांवर बसून.
यानाचा मेकॅनिक अँटेना दुरुस्त करायला बाहेर जातो,
दोर तुटतो,
कप्तान आकडेमोड करून सांगतो
मागे वळण्याइतकं इंधन नाही.
मग साडेचार मिनिटं नुसता त्याचा आवाज
बारीक बारीक होत गेलेला.
मग संगीत. मग नावं.

सिरिल बँबर म्हणाला, साफ खोटं.
तिथे हवाच नाही, मग दोर तुटल्याचा तट् आवाज
आला कुठून?
सिरिलचा डावा कान बॉयलररूमने नेलेला,
ऐकण्याच्या बाबतीत तो फार काटेकोर.

आयडा लेडबेटरचं लक्ष भिंतींवर.
दार आपटलं की अख्खं यान थरथरतं, म्हणे,
आमच्या परसातल्या संडासासारखं.
आणि तो ग्रह म्हणजे गेल्या आठवड्याचाच दगड,
उलटा ठेवलेला.
त्याची चीर ओळखते मी.

सतरा वर्षांची गेल एका हॅडकचं डोकं उडवत बोलली:
कप्तान भेकड. मी असते तर वळवलं असतं.
मुकादम म्हणाला, वळवून काय, सगळ्यांनीच मरायचं?
इंधन म्हणजे इंधन, पोरी.
कुणी म्हणालं, नवव्या भागात येतो बघ परत,
त्या निळ्या लोकांनी उचललाय त्याला.
पैजा लागल्या. मी दहा पेन्स लावले.
मी सोळाचा होतो, बर्फ फोडायच्या कामावर.
परत येण्यावर माझा विश्वास होता.

विनी विग्नल टेबलाच्या टोकाला.
तिची सुरी एकदाही थांबली नव्हती.
तिच्या नवऱ्याचा ट्रॉलर तीन हिवाळ्यांपूर्वी
आइसलँडच्या उत्तरेला
तारांवर बर्फ चढतोय, एवढं कळवून
कळवायचा थांबला होता.
हे सगळ्यांना एकदमच आठवलं.
नळाचं पाणी फार मोठ्याने वाहू लागलं.

कुणीतरी विषय बदलणार, तेवढ्यात तीच म्हणाली:
चांगला होता भाग.
फक्त ते ताऱ्यांचं बोलणं नको होतं.
इतकं सुंदर कोण बोलतं?
तो म्हणाला असता, पाय गार पडलेत.
म्हणाला असता, कोळसेवाल्याचे पैसे घड्याळामागे ठेवलेत.
आणि आवाज असा हळूहळू नाही जात.
मध्येच स्वच्छ येतो, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा,
आणि नेमकं तेव्हाच
आपण किटलीखालचा गॅस बारीक करायला गेलेलो असतो.

एका दमात इतकं ती वर्षभरात बोलली नव्हती.
सुरी ॲप्रनला पुसली. पुढचा मासा ओढला.
मग, माशाकडेच बघत:
त्याचा कप पाहिलात?
शेवटी सगळे जेवायला बसतात ना, मागे
आकड्यांना सहा कप. माणसं पाच.

काढायला विसरले असतील, आयडा म्हणाली,
त्यांचं सगळंच तसं.

असेल, विनी म्हणाली.

पुढच्या रविवारी आठवा भाग.
नवा ग्रह, तोच दगड,
मेकॅनिकचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.
गोष्ट काय होती, मला विचारू नका.
मी गुडघ्यांवर पडद्याला नाक लावून
कप्तानाच्या मागचं धूसर मोजत होतो.
पाच दिसले.
सहाव्या आकड्यापुढे
कप्तान उभा होता
आणि काही केल्या हलेना.