ढलप्या

दोन पोती ढलप्या.
मैनोद्दीन मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत.
भुसा मागितला तर नको म्हणाला,
भुशाचा पापड धरतो, पाणी वरच्यावर वाहून जातं,
ढलप्याच ने.

सायकलच्या कॅरियरला पोती आवळून
वखारीपासून विडी घरकुलापर्यंत आलो,
तर राजमणी दारात, मांडीवर सूप,
बोटं विडीत, डोळे पोत्यांवर.
"चुलीला?"
"वांग्याला."
ती हसली नाही. दोरा तोडला.
"वाळवी येईल," एवढंच.

वाफा म्हणजे काय, सात फूट बाय तीन.
चार वांगी, एक कढीपत्ता,
आणि अंबाडी, आमच्यात तिला गोंगुरा म्हणतात.
मार्च सरताना भेगेत करंगळी जाते.
नळ पाचव्या दिवशी,
तोही रात्री दीडला.

गेल्या वर्षी चुकलो.
ढलप्या खुरप्यानं मातीत कालवल्या
आणि पानं पिवळी पडली, हळद लागल्यासारखी.
लाकूड कुजताना आधी मातीचंच खातं
हे मला कोण सांगणार?
वांग्यांनी सांगितलं.
यंदा नुसत्या वर पसरल्या, चार बोटं जाड,
खोडाभोवती मूठभर जागा मोकळी.
गळ्याशी इतकं घट्ट पांघरूण कुणालाच घालू नये.

येणारा-जाणारा विचारतो,
काय ओ मामा, मातीला चादर?
या गावात कशावर काहीही टाकलं की ती चादरच.
एकतीस वर्षं मी मागावर चादरी काढल्यात.
चादर दोन्ही अंगांनी चालते,
उलटी घातली तरी मोर मोरच.
ही तशी नाही.
वरून बघा की:
उन्हानं राखाडी, करकरीत,
बाभूळ कुठली, निंब कुठला कळत नाही,
मध्येच सागाचा तांबूस तुकडा, कुणाच्या तरी चौकटीतून उरलेला,
त्यावर मिस्त्रीच्या पेन्सिलीची रेघ
आणि साडेतीनचा आकडा.
साडेतीन काय, ते गेलं.

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर.
दुपारी कूलर गरम वारा फेकत होता, झोप येईना,
उकिडवा बसून कोपऱ्यात हात घातला.
वर चटका.
खाली
ओल.
चार दिवसांपूर्वीच्या पाण्याची, गार,
कुत्र्याच्या नाकासारखी.

ढलपी उलटी केली तर तिच्या पाठीला
पांढरे तंतू,
ऐंशी नंबरच्या सुताहून बारीक.
ताणा नाही, बाणा नाही,
धोटा नाही, खडखड नाही,
अंधारात कुणीतरी विणायला बसलंय
आणि मुकादम कुठंच नाही.
सवयीनं मी तुटलेली तार शोधली.
जिथं मी उचललं होतं
तेवढीच तुटली होती.

झाकलं परत, जसं होतं तसं.
राजमणीला हाक मारली नाही,
तिचा हजार पुरा व्हायचा होता.

दिवेलागणीला तीच आली,
तांदूळ धुतलेलं पाणी ढलप्यांवर ओतलं,
ते क्षणात आत गेलं, आवाजसुद्धा न करता.
जरा उभी राहिली.
"वाळवी?"
"अजून नाही."
"येईल," म्हणाली,
आणि पायाच्या अंगठ्यानं एक ढलपी
कढीपत्त्याच्या खोडापासून
लांब सरकवली.